पट्टी पडू देणारा माणूस

सबनीसकाकांना कुणी "आग लागली" असं सांगितलं, तर ते आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. त्याला आणखी काही सांगायचं असेल, अशी त्यांची समजूत. मी पदरचं काही घालत नाही. एकदा खरोखरच बंबातली ठिणगी उडून त्यांच्या धोतराच्या सोग्याला लागली. वरच्या मजल्यावरचे गोडबोले गॅलरीतून ओरडले, "सबनीस, तुमचं धोतर पेटलंय." काकांनी मान वर केली आणि ते गोडबोल्यांकडे बघत राहिले. खाली सोगा धुमसतोय, वर गोडबोले हात हलवताहेत आणि मधे काका लक्षपूर्वक ऐकताहेत. शेवटी त्यांनी विचारलं, "झालं आपलं बोलून?" गोडबोले हो म्हणाले, तेव्हा काकांनी सोगा बादलीत बुडवला.

गोडबोले त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. धोतर जळालं काकांचं आणि भाजले गोडबोले.

गोडबोल्यांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. आमच्या सदाशिव पेठेत समोरच्याला उत्तर लगेच द्यायची रीत आहे. त्याचं वाक्य संपायच्या आत दिलं, तर ते अधिक हुशारीचं. आणि काही न बोलता नुसतं बघत राहणं हा टोमण्याचा सर्वांत वरचा प्रकार. तो पेन्शन सुरू झालेल्या माणसांनीच वापरावा, तोही जपून. सबनीसकाका तो पन्नाशीच्या आत, सकाळपासून, दूधवाल्यावरसुद्धा वापरायचे. वर पुन्हा "झालं आपलं बोलून?" आमच्याकडे हा प्रश्न नसतोच. ती दार लावून घ्यायची एक पद्धत आहे. त्यामुळे आख्ख्या पेठेत सबनीसांइतका खवचट माणूस नाही, यावर एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या सगळ्यांचं एकमत होतं.

ते आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहायचे. मधे सामाईक गॅलरी. एका सरकारी कचेरीत नकाशांवर शाईच्या रेघा ओढायचं त्यांचं काम. माझे बाबा म्हणायचे, "सबनीसांना नदीची रेघ ओढायला नदीइतकाच वेळ लागतो." लग्नाला गेले की मंगलाष्टकं संपून, हार घालून होऊन, मंडळी पंगतीकडे वळली की काकांच्या मुठीतल्या अक्षता पडायच्या. भटजींनी "सावधान" म्हटल्यावर ते आणखी काही म्हणणार नाहीत, याची खात्री करून घ्यायला नको? एका लग्नात तर त्यांच्या अक्षता पानं वाढणाऱ्याच्या कढीत पडल्या.

भांडायला आलेल्या माणसाची तर फार पंचाईत. अबोला सुटल्यावर गोडबोले एकदा काकांच्या कुंड्यांचं पाणी जिन्यात सांडतं म्हणून भांडायला खाली उतरले. बोलले, थांबले. काका गप्प. गोडबोल्यांना वाटलं, मुद्दा पोचला नाही. पुन्हा बोलले, आवाज चढवून. काका गप्प, मान किंचित कलती, चेहऱ्यावर भरपूर उत्सुकता. मग गोडबोले स्वतःच म्हणाले की पाणी तसं थोडंच सांडतं. मग म्हणाले की आमच्याही कुंडीचं सांडतं कधीकधी. मग म्हणाले की परवाचं तर आमचंच होतं. शेवटी माफी मागून वर गेले आणि जिन्यात डोकं धरून बसले. काकांनी एक शब्द उच्चारला नव्हता.

आता माझ्याकडे वळते, कारण या गोष्टीतला खलपुरुष मीच आहे.

तेव्हा अकरावीला मॅट्रिक होती आणि मी आठवीत होते. दोन वेण्या आणि त्यांच्या मधे ज्ञान. जगात जे काही कळण्यासारखं आहे ते मला कळलेलं आहे, उरलेलं नववीत कळेल, असा माझा अंदाज होता. नववीला विषय निवडायचे होते. मला शास्त्र हवं होतं. बाबांचं म्हणणं, गृहशास्त्र घ्यावं, शिवण शिकावं, मुलीच्या जातीला पुढे उपयोगी पडतं. मी तीन दिवस जेवले नाही. म्हणजे घरी जेवले नाही, मैत्रिणीकडे जेवत होते. चौथ्या दिवशी बाबा समोरच्या बिऱ्हाडातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आण. आणलास तर शास्त्र. नाहीतर कातरी आणि कापड. मग कुरकुर चालायची नाही."

मी प्रयोगाचा विषय निवडला 'मानवी प्रतिक्षिप्त क्रिया'. नाव भारदस्त, सामान फुकट. लागतं काय, तर एक फूटपट्टी, एक लाटणं आणि माणसं. लाटण्याला फडकं गुंडाळायचं आणि माणसाला टेबलावर पाय सोडून बसवून गुडघ्याच्या वाटीखाली टकटक करायचं. पाय आपोआप उडतो. फूटपट्टी उभी धरायची, समोरच्यानं खाली अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, आपण न सांगता पट्टी सोडायची. किती इंचांवर पकडली, त्यावरून माणूस चपळ की मंद ते ठरतं.

पहिल्या आठवड्यात मी आमच्या इमारतीतले सगळे गुडघे बडवले. आजोबांची चप्पल उडून आमटीत पडली. गोडबोल्यांनी मला घरात घ्यायचं बंद केलं. मी गॅलरीत आले की माणसं पाय पोटाशी घेऊन बसायची. पण पट्टीचे आकडे झकास मिळाले. आईनं पट्टी चार इंचांवर धरली. ती म्हणाली, घरात जे पडतं ते धरायचंच काम आहे माझं. बाबांनी सातवर धरली आणि पट्टी वाकडी असल्याचं सांगितलं.

मग मी सबनीसकाकांकडे गेले.

त्यांनी हात पुढे केला, अंगठा आणि बोट व्यवस्थित उघडं ठेवलं. मी पट्टी सोडली. ती पडली. खणकन आवाज झाला, थोडी घसरली, कपाटाखाली गेली. काका बघत होते. मी गुडघ्यावर बसून ती बाहेर ओढली आणि उठले, तेव्हा त्यांची बोटं सावकाश मिटली.

चौदा वेळा सोडली. चौदा वेळा कपाटाखालून काढली. मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला पट्टी सुटलेली दिसत नाही का?"

त्यांनी नेहमीप्रमाणे वाट बघितली आणि मग म्हणाले, "दिसते की. पण तिचं पडायचं चाललेलं असतं, मधेच कसं धरायचं?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं नाही. शास्त्रात गप्पांना जागा नसते, असं माझं मत होतं. गुडघ्याचाही प्रयोग केला. लाटणं लागायचा अवकाश, पाय असा उडाला की त्यांची शाईची दौत लवंडली. हेही मी वहीत लिहिलं नाही. माणूस मंद आहे हे मी ठरवून टाकलं होतं, आणि त्याचा गुडघा ऐकत नव्हता, तर तो गुडघ्याचा दोष. पुढे आयुष्यभर मुलींना शास्त्र शिकवताना मी 'सगळी निरीक्षणं लिहा' असं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे. का, ते कुणाला सांगितलं नाही.

तक्ता केला. पांढरा जाड कागद, तीन रकाने: चपळ, मध्यम, मंद. पहिल्या दोन रकान्यांत निळ्या शाईनं माणसंच माणसं. तिसरा रकाना लाल शाईचा, त्यात एकच नाव. 'श्री. वा. सबनीस.' लाल रकाना नसेल तर तक्त्याला उठाव येत नाही, हा माझा विचार. शाई वाळायला तक्ता मी सामाईक गॅलरीत दोरीला चिमटे लावून टांगला. त्यांच्या दाराच्या बरोबर समोर. मी किती हुशार होते, याचा आणखी पुरावा नको.

इथे सबनीसकाकूंबद्दल सांगायला हवं. काकू बोलताना अडखळायच्या. पहिलं अक्षर यायचं आणि वाक्य तिथेच अडून बसायचं, मान जरा हलायची, डोळे मिटायचे. आणि आमची माणसं परोपकारी. कुणाचं वाक्य अडलेलं बघवत नाही. काकूंनी पहिलं अक्षर उच्चारलं की समोरची बाई उरलेलं वाक्य पुरं करून त्यांच्या हातात द्यायची. त्या आमच्याकडे येऊन "वि..." म्हणाल्या की आई लगेच "विळी ना? घ्या" म्हणून विळी द्यायची. त्यांना हवं असायचं विरजण. पण त्या मान डोलवून विळी घेऊन जायच्या. पुन्हा "नाही" म्हणायचं, म्हणजे पुन्हा एक वाक्य आलं. दोन दिवसांनी धुऊनपुसून परत आणून द्यायच्या. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. हळूहळू त्या यायच्या बंद झाल्या आणि आम्ही म्हणायला लागलो, सबनीसीणबाई माणूसघाण्याच.

तर तक्ता वाळत होता आणि काकू दारात आल्या. बराच वेळ तक्त्यापाशी उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मं... मं..."

मी वेणी घालत होते. म्हटलं, "मंडईत ना? नाही हो काकू, आज मी नाही जाणार. आईला सांगा काय आणायचं ते."

काकूंनी मान डोलवली आणि आत गेल्या.

प्रदर्शन चार दिवसांवर आलं. शाळेतल्या बाईंनी वहीतले आकडे बघून सांगितलं, बायकांचे आकडे कमी पडताहेत. म्हणून मी फूटपट्टी घेऊन समोर गेले. दार उघडंच होतं. काका पाटावर बसलेले, काकू स्टोव्हपाशी, पाठ स्टोव्हकडे. त्या काकांना काहीतरी सांगत होत्या. मला कुणी बघितलं नाही.

काकूंना मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अडत होत्या, डोळे मिटत होत्या, पण घाईत नव्हत्या. एखादा शब्द सुटला की जरा हसायच्या. त्यांच्या माहेरची काहीतरी गंमत होती, एका म्हशीची, आणि ती म्हैस आता कुठेतरी शिरणार होती. काकांनी मान कलती केली होती. गोडबोल्यांचं कुंड्यांचं भांडण ऐकताना केली होती तशीच.

काकूंच्या मागे दूध वर यायला लागलं. काका त्याच्या बरोबर समोर होते. त्यांना ते दिसत होतं, मी त्यांचे डोळे बघत होते. दूध पातेल्याच्या काठाला आलं. काका हलले नाहीत. दूध उतू जायला लागलं आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली, "काकू, दूध!"

काकू दचकून वळल्या. स्टोव्ह बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसायला लागल्या. पुसून झाल्यावर काका म्हणाले, "मग म्हशीचं काय झालं?" काकूंनी मान हलवली. काही नाही. आणि त्या मागच्या खोलीत गेल्या.

काका माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, पण त्यांनी माझं बोलून व्हायची वाट बघितली नाही. तेवढं एकदाच. म्हणाले, "कुमुद, तिचं व्हायचं होतं."

मी म्हटलं, "पण दूध..."

"दूध उद्या पुन्हा येईल."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. लग्न झालं तेव्हा काका फार चलाख होते. कचेरीतही आणि घरीही. बायकोचं वाक्य अडलं की ते पुरं करून टाकायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर करायचे, याचा त्यांना अभिमान होता. सहा महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की घरात एकच माणूस बोलतंय. काकूंनी बोलणं सोडून दिलं होतं. हवं-नको खुणेनं. मग त्यांनी ठरवलं की ती काही म्हणाली, की ती थांबेल तोपर्यंत गप्प राहायचं, आणि थांबल्यावरही आणखी जरा राहायचं, कारण ती थांबली आहे की अडली आहे हे बाहेरून कळत नाही. त्या पहिलं पुरं वाक्य बोलल्या त्याला तीन महिने लागले. ते वाक्य होतं, "भाजीत मीठ नाहीये." काकांना ते अजून पाठ होतं.

"फार अवघड गेलं," ते म्हणाले. "जिभेवर शब्द यायचा, तो गिळायचा. पण एकदा सवय झाली ती झाली. माणूस अशी सवय एकाच माणसापुरती नाही लावू शकत. तो गोडबोले बोलला तरी माझं तेच होतं."

मी फूटपट्टी घेऊन परत आले. गॅलरीत तक्ता लटकत होता, आणि मला काकूंचं ते "मं... मं..." आठवलं. त्यांना मंडईतून काही आणायचं नव्हतं. मी विचारलं असतं, म्हणजे न विचारता थांबले असते, तर कळलं असतं.

बाबांच्या दाढीचं पातं घेतलं आणि लाल रकाना खरवडायला बसले. लाल शाई नाठाळ. ती जाईना, कागद गेला. 'मंद'च्या जागी लिंबाएवढं भोक पडलं. दुसरा जाड कागद आणायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते भोक तक्त्यावरच्या बाकी सगळ्यापेक्षा बरं दिसत होतं.

मग मी समोर जाऊन दोघांनाही प्रदर्शनाला बोलावलं. काका म्हणाले, येतो. काकू आत उभ्या होत्या. मी थांबले. ओठ चावून थांबले. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "मी... पण." इतकी वाट मी कुठल्याच लग्नात बघितली नाही, नंतर झालेल्या माझ्या स्वतःच्यासुद्धा.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात. माझं टेबल कोपऱ्यात, आणि शेजारच्या टेबलावर सुषमाचं गोबर गॅसचं मॉडेल. सुषमा कष्टाळू मुलगी. तिच्या मामानं कात्रजच्या एका गोठ्यातून अस्सल शेण आणलं होतं आणि ते महिनाभर पिंपात काम करत होतं. दहा वाजता सुषमाचा दिवा पेटला, टाळ्या झाल्या, आणि अकरापर्यंत त्या कोपऱ्यात माणूस टिकेना. मी नाकानं श्वास घेणं सोडून दिलं.

परीक्षक एका कॉलेजातले प्राध्यापक होते. बंद गळ्याचा कोट, नाकाला रुमाल. सुषमाच्या टेबलावरून ते सुटले ते माझ्याकडे आले आणि माझ्याकडूनही लवकर सुटायचं त्यांच्या मनात दिसत होतं. तक्त्याकडे बोट करून रुमालाआडून विचारलं, "हे भोक कशाचं?"

"चूक होती, सर. काढली."

त्यांनी भोकातून मागची भिंत बघितली. मग मी प्रयोग करून दाखवला. काकांना खुर्चीवर बसवलं. लाटण्यानं टकटक केलं, पाय झटकन उडाला. मग पट्टी सोडली. ती पडली. पुन्हा सोडली, पुन्हा पडली. प्राध्यापकांनी रुमाल खाली घेतला. त्यांनी स्वतः लाटणं घेतलं, स्वतः पट्टी सोडली. पाय उडत होता, पट्टी पडत होती.

"चमत्कारिक आहे," ते म्हणाले. "गुडघा ठणठणीत. मग पट्टी का पडते? एकाच माणसात हा फरक कशामुळे? सांग." आणि माझ्याकडे बघायला लागले.

मला सांगता येईना. म्हणजे माहेरची म्हैस, उतू गेलेलं दूध, बिनमिठाची भाजी हे सगळं माहीत होतं, पण ते शास्त्रात कसं बसवायचं ते माहीत नव्हतं. माझ्यासमोर कातरी आणि कापड नाचायला लागलं.

तेवढ्यात काकांच्या मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "गु... गु..."

"गुरुत्वाकर्षण," प्राध्यापक म्हणाले. "बरोबर आहे, पट्टी पडते ती गुरुत्वाकर्षणानं. पण माझा प्रश्न तो नव्हता." त्यांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला आणि ते वळले.

आणि काकांचा हात पुढे गेला. कधी गेला ते मला दिसलं नाही, शेजारी उभी असून दिसलं नाही. वळणाऱ्या प्राध्यापकांच्या कोटाची बाही त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पकडली होती. आमच्या आख्ख्या इमारतीत इतक्या झटकन कुणी काही पकडलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही.

"अहो, हे काय?" प्राध्यापक म्हणाले.

"तिचं व्हायचंय," काका म्हणाले.

प्राध्यापक थांबले. बाही सुटेना म्हणून थांबले असतील, पण थांबले. सुषमाचं पिंप आपलं काम करत होतं. आम्ही सगळे त्या वासात उभे राहिलो, आणि काकूंनी डोळे मिटून, मान हलवून, दोनदा मागे येऊन पुन्हा सुरुवात करून ते वाक्य पुरं केलं.

"गुडघा कुणासाठी थांबत नाही. हे थांबतात."

काकांनी बाही सोडली. प्राध्यापकांनी ती झटकली नाही. ते जरा वेळ काकूंकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर. गुडघ्याची ती प्रतिक्षिप्त क्रिया. पट्टी पकडणं ही नव्हे, ती माणसाच्या मर्जीवर असते. तुझ्या तक्त्याचं नावच अर्धं चुकलंय, मुली." हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले.

पहिला नंबर सुषमाचा आला. तो तिला मिळायलाच हवा होता, तिनं सोसलं होतं. मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. बाईंनी सांगितलं की परीक्षकांना प्रयोग फार आवडला, पण उत्तर विद्यार्थिनीनं दिलं नाही, त्याला ते काय करणार.

संध्याकाळी बाबा कचेरीतून आले. प्रमाणपत्र हातात घेऊन उजेडाकडे धरलं. म्हणाले, "उत्तेजनार्थ म्हणजे 'आलात, बरं वाटलं'." मग प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं आणि आवाज जरा मऊ करून म्हणाले की ठरलं ते ठरलं, शिवण काही वाईट नसतं, उन्हाळ्यात मशीन बघू. मी रडणार नव्हते. रडायचं ठरवलेलं नव्हतं, पण गुडघ्यासारखंच असतं ते.

तेवढ्यात दारात सबनीस आले. दोघं. काकू पुढे, काका त्यांच्या मागे एक पाऊल. हे असं कधी बघितलं नव्हतं. काकू उंबऱ्याच्या आत आल्या, पदर नीट केला आणि बाबांकडे बघून म्हणाल्या, "मु..."

"मुगाची डाळ," बाबा म्हणाले. "अगं, यांना मूग दे वाटीभर."

आई उठून वाटी घेऊन डब्यापर्यंत पोचलीसुद्धा.

"त्यांना मूग नकोत," मी म्हटलं. "आई, थांब. बाबा, तुम्हीपण. त्या बोलताहेत."

आमच्या घरात बाबांना 'थांबा' असं कुणी म्हणत नसे. बाबांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ते त्यांनी का गिळलं, ते मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. आई वाटी हातात धरून तिथेच उभी राहिली.

काकूंना वेळ लागला. खाली रस्त्यावर एक टांगा आला, उभा राहिला, निघून गेला. बाबांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. आणि काकू म्हणाल्या, "मुलीला शास्त्र घेऊ द्या. चुकलं तर ती खरवडून काढते."

एखाद्याचं वाक्य इतका वेळ थांबून ऐकलं, की मग त्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायचं तर पहिल्या अक्षरालाच म्हणावं लागतं, आणि ती वेळ बाबांच्या हातून गेली होती. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं."

पण काकूंचं ते वाक्य पुरं होत असताना मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मी काकांकडे बघत होते. ते वाक्य त्यांना पाठ असणार. दुपारभर त्यांच्या घरात त्याचीच तयारी चाललेली असणार. 'शास्त्र'पाशी काकू अडल्या आणि त्यांचे डोळे मिटले, तेव्हा बाबांचे ओठ हलले, आईचे हलले, माझेही हलले असतील. काका उंबऱ्याबाहेर हात मागे बांधून उभे होते. पुढचा शब्द कोणता, हे जगात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते मान कलती करून तिच्याकडे असे बघत होते, जणू आता ही काय म्हणणार याचा त्यांना काही अंदाजच नाही.